नारिंगी अंगठ्याचा पुरावा

मी एक जुने खाऊ देणारे यंत्र आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखे कुणी ना कुणी नक्की पाहिले असेल. अंगाने लोखंडी कपाट, पुढे काच, आत स्प्रिंगांच्या रांगा आणि प्रत्येक स्प्रिंगच्या वेटोळ्यांत उभी केलेली पाकिटे. नाणे टाकायचे, कळ दाबायची. स्प्रिंग एक पूर्ण फेरी घेते आणि सर्वांत पुढचे पाकीट खाली पडते. खालच्या झडपेत हात घालून ते घ्यायचे. माझे काम एवढेच. पण हे एवढेसे काम मी सतरा वर्षे चुकीचे करत होतो आणि तरीही सगळे माझे कौतुक करत होते. ते कसे घडले, तेच सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही सारखी दिसणारी चाळीस भावंडे एका ओळीत उभी होतो. तपासनीस आला, प्रत्येकाच्या पाठीवर हिरवी चिठ्ठी चिकटवत पुढे गेला. माझ्यापाशी त्याला शिंक आली आणि चिठ्ठी तिरकी बसली. ती अजून तिरकीच आहे. माझ्या काही स्प्रिंगांची टोके किंचित आत वळलेली होती, हे त्या शिंकेमुळे त्याच्या नजरेतून सुटले असावे. हा माझा अंदाज आहे, पुरावा माझ्याकडे नाही.

तिथून मला एका कार्यशाळेत आणले. या कार्यशाळेत तराजू दुरुस्त होत आणि वजने तपासली जात. एका बाजूला घासणी विभाग होता. तिथे पितळी वजने यंत्रावर घासून, चकाकी देऊन नेमक्या वजनाला आणत. तिथला आवाज असा की दोन माणसे शेजारी उभी राहून खुणांनीच बोलत. दुसऱ्या बाजूला काट्यांची खोली होती. तिला दोन दारे, एकामागे एक, म्हणजे वाऱ्याची झुळूकही आत जाऊ नये. आत सगळ्यांत नाजूक तराजू काचेच्या पेटीत बसलेला असे आणि त्याचा काटा भिंगातून वाचावा लागे. या दोन खोल्यांच्या मध्ये विश्रांतीची खोली होती आणि तिथे भिंतीला पाठ लावून मी.

या लोकांची एक सवय तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. तराजूवर वजन ठेवले की काटा लगेच थांबत नाही, डावी-उजवीकडे झुलतो. तो स्थिर होईपर्यंत गप्प थांबायचे आणि मगच आकडा लिहायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले होते. चहा आला तरी ते कपातली लाट शांत व्हायची वाट पाहत.

आणि त्यांना वजन करण्याचा भारी सोस. माझ्या तिसऱ्या ओळीत, पाचव्या कप्प्यात मक्याच्या फुगवलेल्या रिंगा असत. वर नारिंगी चीजची पूड. माझ्याकडचा सगळ्यांत स्वस्त खाऊ तोच, एका नाण्यात एक पाकीट, आणि त्यातही निम्मी हवाच. बोटे अशी रंगत की साबणाने दोनदा धुतली तरी नखांच्या कडा नारिंगी राहत. खारे वेफर्स, क्रीमची बिस्किटे, शेंगदाण्याची वडी हे सगळे माझ्याकडे होते, पण गर्दी पाचव्या कप्प्यावर. कुणीतरी शंभर पाकिटे मोजून भिंतीवर लिहून ठेवले होते : एका पाकिटात सरासरी बावीस पूर्णांक सहा दशांश रिंगा. दुरुस्त झालेला तराजू आला की त्यावर पहिल्यांदा अधिकृत वजन नाही, एक रिंग ठेवायची, असा त्यांचा रिवाज होता. मग ती रिंग तराजू दुरुस्त करणाऱ्याने खायची.

वीज वाचावी म्हणून मला दिवसातून एकदाच, चारच्या सुटीपुरते चालू करत. त्याच सुटीत ते गाणे लागे.

माझ्या डोक्यावर एक कॅसेट प्लेअर ठेवलेला होता. तो घासणी विभागातल्या काकांचा. काका म्हणजे तिथले सगळ्यांत जुने कारागीर, बत्तीस वर्षे वजने घासणारे. बोलणे कमी, मिशा जास्त. त्यांच्या तरुणपणी एक रॉक गाणे फार गाजले होते आणि त्यांच्याकडे त्याची एकच कॅसेट होती. गाणे परक्या भाषेतले, त्यामुळे कुणाला शब्द कळत नसत, पण पाठ सगळ्यांना होते. सुरुवातीला एकटी गिटार, हळूहळू, कुणाला उठवायचे नाही अशा बेताने. मग गायक येतो. दुसऱ्या कडव्यात कॅसेटची फीत कधीतरी ताणली गेली होती, म्हणून गायकाचा आवाज तिथे एकदम रेड्यासारखा जाडा होतो. सगळे मिळून गाताना तिथे सगळेच रेडे होत. एकदा रेडिओवर मूळ गाणे लागले, तेव्हा ते ऐकून सगळ्यांचे एकमत झाले की रेडिओवाल्यांची प्रत खराब आहे.

पण त्या गाण्याचा खरा जीव चौथ्या मिनिटाला होता. तिथे सगळे थांबते. एक श्वासभर शांतता. आणि मग जाड तारांची गिटार आणि मोठा ढोल एकदम कोसळतात. धम्म. धम्म-धम्म. माझ्या पत्र्यापासून पायापर्यंत सगळे थरारून उठायचे.

सुटीचा क्रम ठरलेला होता. चार वाजता सगळे येत, नाणे टाकत, कळ दाबत आणि जाऊन बाकावर बसत. माझी स्प्रिंग फिरे. अर्धी पाकिटे पडत, अर्धी टोकाला कोपरा अडकवून लोंबकळत राहत. कुणी तक्रार करत नसे. यंत्र जुने आहे, त्याला स्थिर व्हायला वेळ लागतो, असे ते म्हणत. चार वाजून चार मिनिटांनी धम्म झाले की लोंबकळलेली पाकिटे पटापटा पडत. मग सगळे शांतपणे उठून आपापले पाकीट घेत. या यंत्राचा स्वभाव समजून घ्यावा लागतो, असे नव्या माणसाला समजावून सांगत. आणि मी? मी मनात फुगत असे. मला वाटे, ही पाकिटे मीच पाडतो, फक्त जरा सवडीने, मोठ्या माणसांसारखी.

काका मात्र बाकावर बसत नसत. ते पाकीट घेऊन माझ्या उजव्या बाजूला पाठ टेकून जमिनीवर बसत. डोके माझ्या पत्र्याला, डोळे मिटलेले, एकेक रिंग बोटात अडकवून तोंडात. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला टेकायला काहीतरी लागते. खरे कारण फक्त मला ठाऊक होते. मित्रांनो, काकांना नीट ऐकू येत नव्हते. घासणीने त्यांचे कान थोडेथोडे करून नेले होते. समोरचा बोलला की ते ओठ बघून मान हलवत आणि चुकलेच तर मिशीत हसत. गाणे ते पाठीने ऐकत. ढोल त्यांच्या मणक्यांतून जाई, गिटार खांद्यांतून. रेड्याच्या जागी मात्र ते बरोबर हसत, कारण तिथे माझी काच वेगळीच थरथरे.

हे त्यांनी सगळ्यांपासून लपवले होते. ऐकू येत नाही असे कळले तर घासणीवरून उठवतील आणि कुठल्यातरी दारापाशी खुर्ची देऊन बसवतील, ही धास्ती. माझ्याशी मात्र त्यांनी काही लपवले नाही. कसे लपवणार? त्यांची पाठच माझ्याशी बोलत होती.

मग नव्या मॅडम आल्या.

मॅडम कार्यशाळेच्या प्रमुख म्हणून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना एक गोष्ट दिसली. नाजूक तराजूचा काटा रोज चार वाजून चार मिनिटांनी पट्टीवरची चार घरे नाचतो. त्यांनी पाच दिवस भिंगातून स्वतः पाहिले, नोंदी घेतल्या आणि सहाव्या दिवशी वहीसकट विश्रांतीच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. धम्म झाले. त्यांनी घड्याळ पाहिले, माझ्याकडे पाहिले, माझ्या डोक्यावर पाहिले.

मॅडम वाईट नव्हत्या, हे मी आत्ताच सांगतो. गाणे बंद करा असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी समोरच्या भिंतीवर एक फळी ठोकायला लावली, जाड रबराचे चार तुकडे मागवले, ते फळीवर ठेवले आणि त्यांवर प्लेअर. धक्का रबरात जिरेल, भिंतीत जाणार नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजून चार मिनिटांनी काटा हलला नाही. मॅडमनी वहीत बरोबरची खूण केली. रिंग तराजूवर ठेवण्याचा रिवाजही त्यांनी बंद केला. त्या स्वतः डब्यातून काकडीच्या चकत्या आणत, सगळ्या एका जाडीच्या.

आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाणी टाकली, कळा दाबल्या, बाकावर बसले. धम्म झाले, पण समोरच्या भिंतीवर, माझ्यापासून लांब. पाकिटे लोंबकळत राहिली. सगळे थांबले. चार दहा झाले, घंटा झाली, तरी ते माझ्याकडे बघतच होते. आज स्थिर व्हायला जास्त वेळ घेतंय, असे कुणीतरी म्हणाले आणि सगळे हात हलवत कामाला गेले. आठवडाभर असेच चालले. मग तराजू पोचवणारा गाडीवाला आला. तो बाहेरचा माणूस, त्याला थांबायची सवय नाही. त्याने मला लाथ मारली. बिस्किटे पडली, पण माझा खालचा पत्रा चेपला. ते पाहून इतरांनाही मार्ग सापडला. सतरा वर्षांत मला कुणी चापटही मारली नव्हती, आता रोज बूट.

भिंतीवर दोरीने बांधलेली तक्रारवही होती. इतकी वर्षे तिच्यात एकच नोंद होती, तीही 'पेन नाही' अशी. ती आता भरू लागली.

काकांचे काय झाले ते कुणाच्या लक्षात आले नाही. ते नेहमीसारखे माझ्या उजव्या बाजूला बसत, पाठ टेकत, डोळे मिटत. पण मी गप्प होतो. त्यांच्या पाठीला सांगायला माझ्याकडे काहीच नव्हते. तरी ते मान डोलावत राहत, आठवणीने. कधी गाण्याच्या पुढे जात, कधी मागे पडत. रेड्याच्या जागी आता ते हसत नव्हते. त्यांचे पाकीट अर्धेच संपे.

दर सोमवारी माझ्यात पाकिटे भरायला एक दादा येत. एका सोमवारी ते चिठ्ठी घेऊन आले. कंपनी नवे यंत्र द्यायला तयार होती. पडद्याचे, बोलणारे, पाकीट दिले की धन्यवाद म्हणणारे. जुने भंगारात. ते सांगताना दादांनी माझ्या डोक्यावरची धूळ बाहीने पुसली, त्यामुळे मला आणखीच भीती वाटली.

मॅडम पुराव्याशिवाय काही करत नसत. त्यांनी ठरवले की शुक्रवारी चारला चाचणी घ्यायची. पाचव्या कप्प्यातली दहा पाकिटे ओळीने काढायची. दोनपेक्षा जास्त अडकली तर यंत्र जाईल. मी आतून मोजले. माझी सहा तरी अडकणार होती. म्हणजे मी जाणार आणि माझ्याबरोबर काकांची टेकायची जागाही.

माझ्या बाजूने उभ्या राहिल्या त्या काट्यांच्या खोलीतल्या ताई. भिंगातून काटा वाचणे हे त्यांचे काम. पाकिटातल्या रिंगांची सरासरीही त्यांनीच काढलेली. गुरुवारी त्यांनी तक्रारवही पहिल्या पानापासून वाचली आणि त्यांना दिसले की 'पेन नाही' सोडले तर सगळ्या तक्रारी फळी ठोकल्यानंतरच्याच आहेत. त्या वही घेऊन मॅडमकडे गेल्या आणि म्हणाल्या की चाचणी दोनदा घ्या, एकदा प्लेअर फळीवर असताना आणि एकदा यंत्रावर.

"यंत्राला गाणं ऐकवून तपासायचं?" मॅडम म्हणाल्या. "मी अहवालात काय लिहू?"

"तेच लिहा, मॅडम. खोटं कशाला लिहायचं?"

हे उत्तर मॅडमना आवडले असावे, कारण त्यांनी कागदावर लगेच दोन रकाने आखले.

शुक्रवारी सगळे जमले. भरणारे दादा साक्षीला आणि जास्तीची पाकिटे घेऊन. काका सवयीने माझ्या बाजूला बसले. प्लेअर फळीवर, गाणे सुरू. ताई नाणे टाकत, कळ दाबत, अडकलेले पाकीट हाताने सोडवून मगच पुढचे काढत आणि मॅडम लिहून घेत. पहिले पडले. दुसरे अडकले. तिसरे अडकले. दहा झाली तेव्हा सहा अडकलेली होती. माझी काच घामेजली, असे मी म्हणेन. ताई म्हणतील की खोलीत माणसे जास्त होती.

एवढ्यात कॅसेट संपली. प्लेअरचे बटण खाडकन वर आले आणि खोली शांत झाली. त्या शांततेत काका मान डोलावत होते. डोळे मिटलेले, बोटांनी गुडघ्यावर ठेका.

"काका," मॅडम म्हणाल्या, "गाणं संपलंय."

काका डोलतच राहिले. कुणीतरी हसले आणि मग ते हसू अर्ध्यातच थांबले. ताई खाली बसल्या आणि त्यांनी काकांच्या खांद्याला हात लावला. काकांनी डोळे उघडले, सगळ्यांचे चेहरे पाहिले, प्लेअरचे वर आलेले बटण पाहिले आणि त्यांना कळले. मिशीत हसून वेळ मारून नेण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते जमले नाही.

मग त्यांनी सांगितले, थोडक्यात आणि जमिनीकडे बघत. कान किती वर्षांपासून गेले, गाणे कुठून ऐकत होते, दारापाशीच्या खुर्चीची भीती. शेवटी म्हणाले, "वजन नीट घासलं जातंय की नाही, ते बोटांना कळतं, मॅडम. कानांचं त्यात काही काम नाही."

मॅडमनी आधी हातातला कागद बाजूला ठेवला. काटा स्थिर होऊ देत असाव्यात. मग काकांना आपले ओठ दिसावेत म्हणून त्या त्यांच्या समोर खाली बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "तुमची वजनं मी महिनाभर तपासतेय. एकही परत पाठवावं लागलेलं नाही. खुर्चीचा विषय डोक्यातून काढा. पण कान दाखवून यायचे, सोमवारी. आणि घासणीत यापुढे सगळ्यांनी कानांवर झाकणं लावायची. तुमच्यापासून सुरुवात."

काकांनी मान हलवली. या वेळी ती बरोबर जागी हलली.

मग मॅडम उठल्या, प्लेअर स्वतः उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. माझ्यात पुन्हा दहा पाकिटे भरली. गाणे सुरू झाले. आता मधे हात लावायचा नाही, असे ठरले. दहातली सहा पुन्हा टोकापाशी एकमेकांत अडकून लोंबकळली. ताई काट्यांच्या खोलीत भिंगापाशी जाऊन बसल्या. चौथे मिनिट आले. एक श्वासभर शांतता. धम्म. सहाच्या सहा पाकिटे एकामागून एक झडपेत कोसळली. काकांचे डोके नेमक्या ठेक्यावर होते. मॅडमनी नकळत तळहात माझ्या पत्र्यावर ठेवला होता, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

त्याच क्षणी मलाही कळले, मित्रांनो, की सतरा वर्षे पाकिटे मी पाडत नव्हतो. ते कळून जरा वाईट वाटले. पण भंगारात जाण्यापेक्षा गर्व जाणे परवडले.

तेवढ्यात ताईंनी दोन दारांतून डोके बाहेर काढून सांगितले की काटा चार घरे नाचला. सगळ्यांचे चेहरे पडले. प्लेअर माझ्यावर ठेवावा तर तराजू बिघडणार, फळीवर ठेवावा तर मी. मॅडम रकान्यांकडे बघत राहिल्या. काका मात्र फळीकडे बघत होते.

"मॅडम, रबर चांगलं आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही ते चुकीच्या पायांखाली ठेवलंय."

चौघांनी मला उचलून भिंतीपासून चार बोटे पुढे घेतले. ते रबराचे चार तुकडे माझ्या चार पायांखाली गेले. प्लेअर माझ्या डोक्यावर. तिसरी चाचणी, आणखी दहा पाकिटे. धम्म झाले, मी पायापर्यंत थरारलो आणि थरार तिथेच थांबला, जमिनीत गेला नाही. पाकिटे पडली. ताईंनी पुन्हा डोके बाहेर काढले आणि नुसता अंगठा वर केला. मॅडमनी तिसरा रकाना आखला.

राहिला प्रश्न तीस पाकिटांचा. ताईंनी तोंडी हिशेब केला : सरासरीने सहाशे अठ्ठ्याहत्तर रिंगा. चाचणीचा माल परत विकता येत नाही असा मॅडमचाच नियम होता. त्यामुळे पुरावा खाणे भाग पडले. कॅसेट मागे फिरवून गाणे पुन्हा लावले, रेड्याच्या जागी सगळे रेडे झाले, आणि काका सर्वांत मोठे रेडे. मॅडमनी काकडीचा डबा उघडला, पाहिला आणि मिटला. मग एक रिंग घेतली, शास्त्रीय कारणासाठी. मग दुसरी, कारण एका नोंदीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

आता मित्रांनो, तुमच्याकडे माझे थोडेसे मागणे आहे. अडकलेल्या यंत्राला लाथ मारू नका. त्याला काय कमी पडले आहे, ते आधी शोधा. जुनी वस्तू टाकून देण्यापूर्वी तिच्या पायांखालीही एकदा बघा. कानांना जपा, ते परत मिळत नाहीत. आणि गाणे संपल्यावरही कुणी मान डोलावत असेल, तर हसण्याआधी त्याच्या खांद्याला हात लावा.

मी अजून त्याच खोलीत आहे. तराजूवर पहिली रिंग ठेवण्याचा रिवाज पुन्हा सुरू झाला आहे. चाचणीचा अहवाल मॅडमनी माझ्या काचेवर चिकटवला आहे, म्हणजे कंपनीचा माणूस आला तर त्याने तो वाचावा. शेवटची ओळ अशी आहे : 'यंत्र सुस्थितीत आहे, मात्र चार वाजून चार मिनिटांपर्यंत थांबावे.' खाली मॅडमची रेखीव सही आहे. आणि सहीच्या शेजारी, मोठा आणि ठळक, एक नारिंगी अंगठा. एवढ्या शिकलेल्या बाई, पण सहीबरोबर अंगठाही उठवून गेल्या.